यंदाचं वाण

मार्गशीर्षातच दिवाणाखालची पेटी ओढली,
मटार सोलायला बसण्याआधी.
सतरा संक्रांतींचं वाण निघालं.
नऊ साबणदाण्या, चहाच्या पाच गाळण्या
(एकीची जाळी अजून कागदात),
मोबाइल टेकवायचं पिवळं बदक,
लिंबू पिळायचं यंत्र, ज्याने लिंबू कधी पाहिलं नाही,
आणि डबे. झाकणं एकीकडे, डबे दुसरीकडे,
अबोला धरलेल्या जावांसारखे.

वाण लुटायचं म्हणतात.
लुटलं खरं.
ठेवायचं कुठे, ते कुणी सांगितलं नाही.

कोपरीत आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं.
नाताळापासून रथसप्तमीपर्यंत
जिन्याखालचे दोन पिंप पुरत नाहीत.
थर्माकोल, चकचकीत कागद, केकचे खोके,
एकतीस तारखेच्या बिर्याणीच्या काळ्या थाळ्या.
आणि मटारच्या साली, गाजराचे शेंडे,
तुरीच्या शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं.
ही तर बिचारी गुपचूप माती झाली असती,
पण आपण त्यांना पिशवीत कोंबून
वर गाठ मारतो.

पहाटे सुगंधा वाघे येते.
नावावरचा विनोद तिने स्वतःच
केव्हाचा करून संपवलाय.
ठेकेदाराने हातमोजे दिलेत,
दोन्ही उजव्या हाताचे.
डावा हात उघडाच चालतो पिशव्यांतून.

एकदा म्हणाली, ताई, तुमची पिशवी मी लांबून ओळखते.
मी खूश.
म्हणाली, गाठ फार घट्ट मारता तुम्ही.

त्या दिवसापासून गाठ मारत नाही.
एवढंच. फार मोठं काही केलं नाही.
गच्चीवर फुटका माठ नेला, बुडाला आणखी दोन भोकं पाडली,
साली, त्यावर वाळका पाला, पुन्हा साली.
पहिले आठ दिवस चिलटं झाली.
तळमजल्यावरचे चौबळ बोलले.
बोलू दिलं.

नाताळच्या सकाळी ब्रिजितमावशी तुस्कानो.
चार वर्षं फॉइलच्या डब्यात पाठवायची नेवऱ्या, कलकल,
यंदा दारात स्टीलचं ताट घेऊन उभी,
वर क्रोशाचा रुमाल,
कडेला कोरलेलं: इ. फ. तुस्कानो, ९-५-७६.
डबे संपले, म्हणाली.
खोटं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
डब्यांची चळत मला जिन्यातून दिसते.
गच्चीवरचा माठही
तिला दिसला असणार.

ताट रिकामं परत करायचं नसतं.
म्हणून त्यातून मटारच्या करंज्या गेल्या.
मग बोरं आली. मग चिक्की गेली.
मध्येच कधीतरी ताट दुसऱ्या मजल्यावर वळलं,
तिथून चौबळांकडे,
रुमालाला हळदीचा डाग पडला,
आणि आता नक्की कुणाकडे आहे, कुणालाच ठाऊक नाही.
मावशी विचारत नाही.
तिच्या नवऱ्याचं नाव जिन्यातून वरखाली करतंय.

संक्रांतीला मी पेटीच मधोमध उघडून ठेवली.
घ्या, काय हवं ते. नवीन काही नाही.
थोडा वेळ सगळ्या नुसत्या बघत राहिल्या.
कशाची वाण नाही गं तुझ्याकडे, कुणीतरी म्हणालं,
मग एकदम हसू फुटलं,
आणि एक एक करून सतरा वर्षं उचलली गेली.
चौबळांच्या सुनेने लिंबाचं यंत्र नेलं.
बदक सुगंधाच्या धाकटीला.

सुगंधासाठी मात्र
एक गोष्ट विकत आणली होती,
जाड रबरी मोज्यांची जोडी.
तिने तिळगूळ तोंडात टाकला, पुडा उघडला,
डावा हातात चढवून बोटं मिटली, उघडली,
आणि उजवा माझ्याकडे परत केला.
उजवे आहेत की दोन माझ्याकडे, म्हणाली,
कशाला उगाच पसारा.

रात्री पेटी दिवाणाखाली सरकवली.
हलकी झालीय आता.
आत एकच मोजा,
उजव्या हाताचा.